पडेगावहून फोन

आमच्या घरात दोन देव्हारे आहेत, असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. एक स्वयंपाकघराशेजारी, त्यात देव आहेत. दुसरा माझ्या खोलीत टेबलावर, त्यात सिगार आहेत. पहिल्याकडे मी सणावारी बघतो आणि दुसऱ्याची पूजा रोज आंघोळीनंतर चुकवत नाही, ही तिची तक्रार. तक्रार खरी असल्यामुळे मी वाद घालत नाही.

हा दुसरा देव्हारा म्हणजे सिगार ठेवायची लाकडी पेटी. तिला ह्युमिडॉर म्हणतात, पण उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही, म्हणून नुसती पेटी. वाळूजच्या ज्या कारखान्यात माझी नोकरी झाली, तिथं एक परदेशी इंजिनिअर नवी मशीन बसवायला आला होता. आला होता दोन महिन्यांसाठी आणि राहिला दोन वर्षं, कारण मशीन हट्टी होती. तेवढ्या काळात बायकोच्या हातची थालीपिठं त्याला आणि त्याच्या सिगार मला अशा काही लागल्या, की जाताना त्यानं ही पेटीच माझ्या हवाली केली. वर दोन जाड, काळपट सिगार वेगळ्या कागदात गुंडाळून दिल्या. ज्या दिवशी आजोबा होशील त्या दिवशी एक तू ओढ आणि एक शेजारी बसलेल्याला दे, असं सांगून गेला. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. मी हसलो आणि त्या दोन सिगार पेटीच्या तळाशी ठेवून दिल्या.

आता आमचं घराणं म्हणजे भिक्षुकांचं. आजोबा पौरोहित्य करायचे, वडील कचेरीत कारकून झाले. घरात विडी ओढणं पाप होतं. तपकीर मात्र चालायची, किंबहुना आजोबांच्या उपरण्याला तिचाच रंग असायचा. अशा घरातला मुलगा सिगार ओढतो म्हटल्यावर नातेवाइकांनी मला वाया गेलेल्यांत धरलं. मी आठवड्यातून एकदाच ओढतो, रविवारी संध्याकाळी, गच्चीवर, आणि तीही एकटा. एकटं ओढणं मला आवडतं असं मी लोकांना सांगत आलो. ते काही खरं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी हवं असं मला फार वाटायचं, पण मित्रांत कुणाला दमा, कुणाला बायकोचा धाक.

माझा स्वभाव किचकट आहे आणि सिगार हे किचकट माणसाचंच काम आहे. ते पान कोरडं पडलं की तडकतं, जास्त ओलं झालं की बुरशी धरतं. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा अशी असते, की दोरीवर चादर टाकून चिमटे शोधेपर्यंत ती वाळते. त्या हवेत पेटीतला ओलावा राखायचा म्हणजे रोज आतला काटा बघणं आलं, झाकणातल्या स्पंजला पाणी पाजणं आलं. पाणीही साधं चालत नाही, डिस्टिल्ड लागतं. ते मी इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडून आणतो. या माणसाच्या बॅटरीला इतकी तहान कशी लागते, असं त्या दुकानदाराला नक्की वाटत असणार.

शिवाय शेजाराचे नियम आहेत. वेगवेगळ्या देशांच्या सिगार एका पेटीत गुण्यागोविंदानं नांदतात. कडक खाली, सौम्य वर, मध्ये सीडरच्या लाकडाची पातळ फळी, झालं. तमिळनाडूकडचे चिरूट तेवढे मी कोपऱ्यात ठेवतो, त्यांच्या कागदासकट. पण एक गोष्ट या पेटीत कधीही ठेवायची नाही, ती म्हणजे सुगंधी सिगार. व्हॅनिला, चॉकलेट, लवंग असलं काही लावलेली. फ्रिजमधलं उघडं दूध शेजारच्या कांद्याचा वास घेतं ना, तसा बाकीच्या सगळ्या सिगार तो वास ओढून घेतात आणि मग काही केल्या सोडत नाहीत. हे सगळं मी एकदा बायकोला तासभर समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या घरातलं सोवळं संपलं असं मी माहेरी सांगत होते. संपलं कुठलं, पेटीत जाऊन बसलंय."

तेव्हा मी हसलो होतो. हसू पुढे महागात पडलं.

मुलीनं लग्न ठरवलं ते कन्नडच्या मुलाशी. इथंच कॉलेजात ओळख झाली. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, मुलगी तिथल्याच बँकेच्या शाखेत लागली. त्यांचं घर जुन्या पाटीलकीचं, ऊस, मका आणि आद्रकीची शेती. मला मुलगा आवडला, बायकोला त्याची आई आवडली, तेव्हा आमच्या बाजूनं प्रश्न मिटला होता. पण लग्न फक्त दोन घरांत होत नाही, त्याला आत्या-मावशाही येतात.

माझी थोरली आत्या कन्नडला लग्नाला आली, याचाच मला केवढा आनंद झाला होता. येताना ती स्टीलचा डबा घेऊन आली. पंगत बसली, पानं वाढून झाली, आणि सगळ्यांदेखत तिनं डबा उघडून घरचा दहीभात खायला सुरुवात केली. समोरच्या पानावरच्या बुंदीला तिनं बोट लावलं नाही. माझे व्याही स्वतः वाढायला उभे होते. उंच माणूस, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात बुंदीचं ताट. आत्याचं वय झालंय, पथ्य आहे, अशी मी काहीतरी सारवासारव केली. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले.

ते "बरं" माझ्या कानांतून गेलं नाही. तुझ्या माहेरच्यांना आमचं बाटतं, असं माझ्या मुलीला त्या घरात कुणी कधी ऐकवू नये, एवढी एकच भीती तेव्हापासून माझ्या मनात बसली. त्यांनी कधी ऐकवलं नाही. उलट आद्रक विकायला शहरात आले की ते आमच्याकडे डोकावून जायचे. न कळवता यायचे, फाटकाची कडी वाजली की समजायचं. मला ते "इवाई" म्हणत, तिकडे व्याह्याला तसंच म्हणतात. पण पाऊस कसा आहे, घाट मोकळा आहे का, भाव काय निघाला, एवढं बोलून झालं की आम्ही दोघंही चहाच्या कपाकडे बघत बसायचो. दोन भली माणसं एकमेकांना जपून बसलेली, यासारखं अवघडलेलं दृश्य नाही.

एकदा त्यांची नजर पेटीवर पडली. मी झाकण उघडून दाखवलं. ते वाकले, वास घेतला, काट्याकडे बघितलं आणि म्हणाले, लई जपता. मला बरं वाटलं. एखादी काढून द्यावी, गच्चीवर न्यावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण विहीणबाई सोबत होत्या, त्यांना आवडेल न आवडेल म्हणून राहून गेलं.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक चपटा खोका होता. त्यांचा पुतण्या आखातात नोकरीला आहे, त्याला मुद्दाम सांगून त्यांनी माझ्यासाठी सिगार मागवल्या होत्या. मी खोका हातात घेतला आणि नाकाशी नेला. लवंग. खोका बंद असतानाही वास येत होता. पुतण्यानं बिचाऱ्यानं दुकानातल्या सगळ्यांत सुवासिक बघून आणल्या असणार. मी तोंडभर आभार मानले आणि खोका बाजूला ठेवू लागलो, तर व्याह्यांनी तो माझ्या हातातून परत घेतला. खोक्यात गुदमरतील, म्हणाले. त्यांनी स्वतः पेटी उघडली, एकेक सिगार दोन्ही हातांनी उचलून माझ्या सिगारच्या मधोमध ठेवली आणि रिकामा खोका बायकोकडे केरात टाकायला दिला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती हसू दाबत होती.

ते गेल्यावर फाटक लागायचा अवकाश, मी लवंगी सिगार बाहेर काढल्या. पण ठेवायच्या कुठं? फेकणं तर मनातही आलं नाही, माणसानं एवढ्या आपुलकीनं आणलेल्या. शेवटी स्वयंपाकघरातला धने-जिऱ्याचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा रिकामा करून घेतला आणि त्यात ठेवल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आत्याबाईंचा डबा आणि तुमचा डबा," ती म्हणाली, "फरक काय तो मला समजावून सांगा."

मी चिडलो. आत्याचा प्रश्न जातीचा होता, माझा वासाचा आहे. हे शास्त्र आहे, कुठल्याही पुस्तकात बघ, असं बरंच काही बोललो. ती म्हणाली की तिला पटलंय, पण मला पटवायचंय ते कन्नडला. आणि ते मला सांगता आलं नसतं. सिगारला वास लागतो हे मी कसंही सांगितलं, तरी त्यांना ऐकू एकच गोष्ट जाणार होती: तुमचं आमच्यात ठेवता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं होऊन बसलं.

पंधरवड्यानं फाटकाची कडी वाजली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. खिडकीतून फेटा दिसला. मी इतक्या चपळाईनं उठलो की गुडघ्यानं दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब मागितला. बायकोनं त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, विहीणबाईंच्या कंबरेची चौकशी केली, मग पुन्हा सविस्तर चौकशी केली. तेवढ्यात मी मागच्या दारानं डबा खोलीत नेला आणि सिगार जिथल्या तिथं मांडल्या. व्याही आले, त्यांनी पेटी उघडली, आपल्यातली एक उचलून हुंगली. जरा वेळ हातात धरून ठेवली. मग परत ठेवली आणि म्हणाले, बरं ठिवलंत. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर व्याह्यांना शहराची शिस्त लागली, असं मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. कारण आता ते यायच्या आधी फोन करू लागले. दौलताबादकडून येणारा रस्ता शहराला लागतो तिथं पडेगाव आहे. तिथं थांबून ते फोन करायचे: इवाई, पडेगावला आलोय. पडेगावहून आमच्या घरी यायला चहाला आधण ठेवून चहा होईपर्यंत आणि वर थोडा असा वेळ लागतो. बायको आधण ठेवायची आणि मी डबा उघडायचो. सिगार पेटीत ठेवायच्या, व्याही आले की पेटी दाखवायची, ते गेले की सिगार डब्यात. आमची ही कवायत वर्षभर इतकी बिनचूक चालली, की कारखान्यात असताना माझ्या एकाही मशीननं मला एवढं सुख दिलं नव्हतं. फक्त त्यांना गच्चीवर चला म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही. त्यांना त्यांचीच सिगार पुढे केली तर तुमचं तुम्हीच घ्या असं वाटणार, माझी दिली तर तुमची काही खास नाही असं. चोराच्या मनात चांदणं. रविवारी मी आपला एकटाच वर जाऊन बसायचो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पाय टाकायचो.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन उन्हाळ्यात. कूलर दिवसरात्र चालू, गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही. एके दिवशी दुपार टळताना पडेगावहून फोन आला. व्याही आणि विहीणबाई दोघंही निघाले होते, सुनेसाठी काय काय करून आणत होते. मी नेहमीप्रमाणे लवंगी सिगार पेटीत मांडल्या. ते आले, चहा झाला, विहीणबाईंनी पिशवीतून डबे काढायला सुरुवात केली आणि आतल्या खोलीतून मुलीनं आईला हाक मारली. त्या हाकेत असं काही होतं की दोन्ही बायका एकाच वेळी उठल्या.

आम्ही सगळे व्याह्यांच्या जीपमधून दवाखान्यात गेलो. जावई कारखान्यातून निघून पोहोचेपर्यंत नात झाली होती. मी आजोबा झालो, आणि त्या क्षणी मला त्या दोन सिगारची आठवणही झाली नाही. बाळ लहानखुरं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कावीळ दिसली. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि बाळाला निळ्या दिव्याखाली काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरांनी घाबरू नका म्हटलं म्हणून काही आजोबा घाबरायचे थांबत नाहीत.

पुढचे काही दिवस बायका आत आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. व्याही कन्नडला परत गेलेच नाहीत, पुतण्यांवर शेत सोपवून आमच्याकडेच राहिले. खरं तर घर कुणालाच आठवत नव्हतं. आंघोळीपुरतं जायचं, कपडे बदलायचे, परत यायचं. दारातल्या काचेतून ती लहानशी पेटी दिसायची, आणि पेटीवर आकडा दाखवणारा छोटा दिवा. व्याही बराच वेळ तिकडे बघत होते. मग म्हणाले, "इवाई, हितं बी काटा बघायला लागतोच की." मी हसलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बघितलं. खिशातून गुळात घोळलेली गुडीशेव काढून माझ्या हातावर ठेवली.

त्या बाकावर आम्ही पहिल्यांदा पाऊसपाण्यापलीकडे बोललो. आद्रकीचं बेणं सावलीत कसं ठेवतात, एक गड्डा नासका निघाला तर बाकीचं कसं वेगळं करावं लागतं, ते त्यांनी सांगितलं. विहीणबाईंना ते अजून घाबरतात, हेही सांगितलं. मी मशीनच्या गोष्टी सांगितल्या. मला हा माणूस फार आवडतो, हे तिथं बसल्या बसल्या मला कळलं. आणि त्याच बाकावर डब्याची गोष्ट दोनदा माझ्या जिभेवर येऊन परत गेली.

बाळ घरी आलं, रंगानं गुलाबी होऊन. बारशाचा दिवस आला. पाळणा हलला, गाणी झाली, नाव ठेवलं गेलं, माणसं जेवून पांगली. आत्या आता कुठं जात नाही, पण तिनं बाळासाठी दुपटं पाठवलं होतं. ऊन उतरलं तेव्हा मी व्याह्यांजवळ गेलो आणि सगळा धीर गोळा करून म्हणालो, गच्चीवर येता का, दोन सिगार आजच्या दिवसासाठी ठेवल्यात. ते लगेच उठले. जणू इतके दिवस कुणी म्हणायचीच वाट बघत होते.

मी पेटी घेऊनच वर गेलो. खुर्च्या मांडल्या, पेटी मधल्या स्टुलावर ठेवली आणि झाकण उघडलं.

लवंगेचा असा भपकारा आला की मी मागे सरकलो. त्या दुपारी दवाखान्याकडे पळताना सिगार डब्यात परत ठेवायच्या राहिल्या होत्या. पुढे दवाखाना आणि बाळ यांत रोजची पूजाही चुकली आणि त्यांची आठवणच झाली नाही. इतके दिवस, त्या उन्हाळ्यात, बंद पेटीत लवंग निवांत पसरली होती. वरच्या सौम्य, खालच्या कडक, कोपऱ्यातले चिरूट, कुणीही सुटलं नव्हतं. तळाशी हात घालून मी त्या दोन काळपट सिगार काढल्या, कागद सोडला, नाकाशी धरल्या. इतकी वर्षं जपलेल्या त्या दोन सिगारना मसाल्याच्या पानाचा वास येत होता. मला रडू यायचंच बाकी होतं, आणि समोर व्याही. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी पेटीतच वाकून राहिलो.

"लवंग लागली ना सगळ्याला?" व्याही म्हणाले.

मी मान हलवली.

"मंग या टायमाला डब्यात का नाय ठिवल्या?"

मी वर बघितलं. ते शांतपणे फेटा काढून मांडीवर ठेवत होते.

"दुसऱ्या खेपेला मी एक हुंगली तं तिला धने-जिऱ्याचा वास," ते म्हणाले. "आमच्या घरी मसाला दळतात, मला वळखू येनार नाय व्हय? म्हणलं, इवाई अडचणीत हाय. आपुन आसं अवचित टपकायला नको. म्हणून पडेगावला थांबून फोन करत व्हतो."

वर्षभर मी ज्याला शहराची शिस्त म्हणत होतो, ती या माणसानं माझी लाज राखायला दिलेली सवड होती. तुम्हाला राग नाही आला का, असं मी कसंबसं विचारलं.

"आला व्हता. त्या दिशी लई आला," ते म्हणाले. "घरी जाईपर्यंत त्या आत्याबाईचा डबाच डोळ्यांम्होरं व्हता. मंग घाटात एक गोष्ट ध्यानात आली. ह्यो मानूस आपुन यायच्या आत पळत जाऊन परत पेटीत ठिवतो. ज्याला बाटतं, तो परत कशाला ठिवील?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वासाचं, पानाचं, फळीचं, कडक आणि सौम्याचं, आणि माझ्या भीतीचंही, मुलीला कुणी काही ऐकवेल या भीतीचं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले की हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आद्रक ठेवतात त्या खोलीत विहीणबाई पापडसुद्धा ठेवू देत नाहीत, तर त्या घराला हे कळलं नसतं का. आणि सुनेला घरात कुणी काही ऐकवलं असतं तर आधी व्याह्यांनीच ऐकून घेतलं नसतं. हे शेवटचं त्यांनी जरा जोरात सांगितलं, आणि मला फार बरं वाटलं.

त्या दोन सिगार आम्ही पेटवल्या. व्याह्यांनी विडी सोडून वर्षं झाली होती, आज नातीच्या नावानं एकच, असं म्हणून त्यांनी सिगार धरली. चव कशी होती? खरं सांगायचं तर त्या परदेशी मित्रानं मला तुरुंगात टाकलं असतं, अशी. तंबाखूच्या खाली कुठंतरी लवंग, गोडसर, जिभेच्या टोकाला किंचित झोंबणारी. पहिले चार झुरके मला गेलेल्या चवीचं वाईट वाटलं. पाचव्याला वाटायचं थांबलं. व्याही शेजारच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले होते आणि धूर कसा काढावा हे न जमून खोकत होते, आणि मी त्यांना शिकवत होतो, आणि खाली पाळण्याची कडी कुरकुरत होती. इतक्या रविवारांत मी गच्चीवर इतका सुखात कधी बसलो नव्हतो.

जिन्याच्या तळाशी बायको आणि विहीणबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. धूर पिऊन आलेल्यांनी आंघोळ केल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं होतं. तर शेवटी सोवळं पाळायची वेळ आमच्यावर आली. आम्ही दोघं ओवळे आजोबा एकामागून एक न्हाणीघरात गेलो. व्याह्यांना माझा पायजमा घोट्याच्या बराच वर आला, ते बघून मुलगी इतकी हसली की बाळ जागं झालं. मग ते आधी त्यांच्या मांडीवर दिलं, मग माझ्या.

पेटी रिकामी करून, पुसून, हवेवर ठेवली असती तर वास काही महिन्यांत गेला असता. ते शास्त्र मला ठाऊक आहे. मी ते केलं नाही. उरलेल्या लवंगी सिगार आता पेटीत मधोमध असतात, त्यांनी ठेवल्या होत्या तिथंच. डब्यात बायकोनं पुन्हा धने-जिरे भरले आहेत, आणि आमटीला लवंगेचा वास येतो असं ती म्हणते. माझी मुलगी नातीला घेऊन कन्नडला गेली, आणि व्याही आता आद्रक नसली तरी येतात, रविवार बघून. सिगार ओढत नाहीत, नुसते शेजारी बसतात.

यायच्या आधी फोन मात्र अजून करतात. गेल्या रविवारी बायको आधण ठेवायला उठली तेव्हाच तो वाजला.

"इवाई, पडेगावला आलोय," ते म्हणाले. मागून नातीचा आवाज येत होता. "काय उरकायचं आसंल तं उरकून घ्या."

"काही उरकायचं नाही," मी म्हणालो. "या सरळ."